टीव्हीच्या पाठीमागे कुठली वायर कुठे

चवथीला, म्हणजे गोव्यातल्या गणेश चतुर्थीला, आठ दिवस होते. साखळीहून मावशीचा फोन आला, "टीव्ही आला, तो लांबडा भोंगा पण आला, पण आवाज येना रे!" लांबडा भोंगा म्हणजे साउंडबार. मखराचे खांब, माटोळीचा (गणपतीवर फळं-पानं टांगायचा) सांगाडा आणि पाहुण्यांसाठी काढलेल्या गाद्या यांतून वाट काढत मी टीव्हीपर्यंत पोचलो. दुकानाचा माणूस टीव्ही भिंतीवर चढवून, एक वायर खुपसून, "बाकी सगळं सेटिंगमध्ये आहे" असं सांगून निघून गेला होता. वायर चांगली होती, साउंडबारही चांगला होता. वायर फक्त शेजारच्या भोकात बसली होती. एकसारखी तीन भोकं, त्यांतल्या एकाखालीच बारीक अक्षरांत 'एआरसी' लिहिलेलं. वायर काढून त्यात घातली, आणि बातम्या सांगणारी बाई खणखणीत बोलायला लागली.

डिचोली, म्हापसा, फोंडा, कुठेही नात्यागोत्यात टीव्ही आला की मला बोलावणं येतं. त्यावरून एक गोष्ट पक्की कळली आहे. लोक वायरीवर पैसे आणि डोकं खर्च करतात, आणि वायर जिथे जाते ते पोर्ट कोणी वाचतच नाही. म्हणून हा लेख पोर्टापासून सुरू करतो.

आधी फोटो, मग वायर

टीव्ही भिंतीवर असेल तर मान वाकडी करून पाठीमागे डोकावू नका. मोबाइलचा टॉर्च लावा, हात मागे घाला आणि व्हिडिओ काढा. मग निवांत बसून तो थांबवत थांबवत बघा. प्रत्येक पोर्टाखाली काय लिहिलंय ते कागदावर उतरवा. साउंडबार, डिशचा बॉक्स, जुना डीव्हीडी प्लेयर, जे जे जोडायचं आहे त्या प्रत्येकाचं तसंच करा. दहा मिनिटांचं काम आहे, पण नंतरचे दोन तास वाचतात.

मग जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला चौकोन काढा. एक टीव्हीचा, एक बॉक्सचा, एक साउंडबारचा. त्यांच्यामध्ये बाण काढा. चित्र आणि आवाज जिथून निघतो तिथलं पोर्ट 'आउट', जिथे पोचतो तिथलं 'इन'. बॉक्सच्या 'आउट'मधून टीव्हीच्या 'इन'मध्ये. दोन 'आउट' एकमेकांना जोडले तर काही जळत वगैरे नाही, पण काही दिसतही नाही. आपल्या खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांधलेल्या शेतातल्या, मानशीच्या दारासारखं समजा, पाणी एकाच दिशेने जाऊ देतं, दुसऱ्या बाजूने कितीही जोर लावा, दार मिटलेलंच. या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि मावशीचा सगळा घोळ त्याच अपवादात होता. तिथे येतोच.

एचडीएमआय: हल्लीची मुख्य वायर

चपटं तोंड, वरची बाजू रुंद, खालची थोडी अरुंद, आत एकोणीस पिना. हे तोंड २००२ च्या अखेरीस आलं आणि त्याने आधीच्या तीन-चार वायरींची कामं एकट्याने उचलली, कारण चित्र आणि आवाज दोन्ही याच एका वायरीतून जातात. डिशचा बॉक्स, फायर स्टिकसारखी इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारी काडी, लॅपटॉप, प्लेस्टेशन, सगळे आज यानेच टीव्हीला जोडले जातात. तोंड एकाच बाजूने बसतं. बसत नसेल तर उलटं धरलंय असं समजा, दाबू नका. भिंतीमागे हात घालून अंदाजाने दाबलं की आतली पिन वाकते आणि अख्खं पोर्ट कामातून जातं. कॅमेऱ्यांना आणि काही छोट्या उपकरणांना याचीच लहान भावंडं असतात, मिनी आणि मायक्रो. त्यासाठी एका टोकाला लहान तोंड असलेली केबल मिळते.

दुकानात गेलात की "दोन पॉइंट झिरोची देऊ की दोन पॉइंट वनची?" असं विचारतात. खरं म्हणजे ते आकडे टीव्हीतल्या आणि बॉक्समधल्या पोर्टाचे. केबलला आवृत्ती नसते, वर्ग असतो, आणि तो वर्ग खोक्यावर छापलेला असतो. 'हाय स्पीड' केबल सेकंदाला सुमारे १० गिगाबिट वाहून नेते. 'प्रीमियम हाय स्पीड' १८, 'अल्ट्रा हाय स्पीड' ४८. शेवटच्या दोन वर्गांच्या खऱ्या केबलच्या खोक्यावर मोबाइलने स्कॅन करून तपासता येईल असं प्रमाणपत्राचं लेबल असतं.

आता आपल्याला किती लागतं ते बघा. डिशच्या एचडी वाहिन्या फुल एचडीच्या पलीकडे जात नाहीत. साधं फुल एचडी चित्र, सेकंदाला साठ फ्रेम्सचं, साडेचार गिगाबिटच्या आसपास जागा खातं. म्हणजे बॉक्सबरोबर फुकट आलेली केबल पुरून उरते. ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारीक चित्र दाखवणारी, काडी किंवा प्लेयर असेल तर प्रीमियम घ्या. अल्ट्रा लागते ती फक्त घरात कोणी नव्या गेमिंग कन्सोलवर ४के मध्ये सेकंदाला १२० फ्रेम्सने खेळणार असेल तर, आणि तशा कन्सोलच्या खोक्यात ती केबल बहुधा आलेलीच असते.

सोन्याचा मुलामा, जाड विणलेलं कापड, तीन हजार रुपये किंमत, यांनी चित्र अधिक रंगीत होत नाही. पूर्वीच्या अँटेनाच्या वायरीत ते व्हायचं. चांगली वायर म्हणजे कमी मुंग्या. डिजिटल वायरीतून आकडे जातात. पोचले तर पूर्ण पोचतात. नाही पोचले तर चित्र मऊ किंवा फिकट होत नाही, ते फाटतं. पडद्यावर पांढरे ठिपके चमकून जातात, दोन सेकंद काळोख होतो आणि परत येतं, किंवा सरळ 'नो सिग्नल'. यातलं काही दिसत नसेल तर तुमची दोनशे रुपयांची केबल आणि शेजाऱ्याची तीन हजारांची केबल अगदी तेच चित्र दाखवतायत. सोन्याच्या मुलाम्याचा आपल्या खाऱ्या हवेत गंज न धरायला थोडा उपयोग होतो, एवढं मात्र मान्य करतो.

लांबीचं मात्र खरं आहे. दोन-तीन मीटरपर्यंत चिंता नको. पाच मीटरच्या पुढे ४के चित्र साध्या तांब्याच्या केबलने ओढायला गेलात की ठिपके सुरू होतात. जुन्या घरात राजांगणात प्रोजेक्टर लावायचा आणि बॉक्स आतल्या खोलीत ठेवायचा, असं कोणी म्हटलं की मी आतून काचेचा तंतू असलेली एचडीएमआय केबल घ्यायला सांगतो. ती पंधरा-वीस मीटर आरामात जाते. पण तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. उलटी लावली तर काहीच येत नाही. एकदा अशी केबल आम्ही छपराच्या वाशांना बांधत बांधत नेली, चिमटे मारले, शिडी उतरलो, आणि मग टोक वाचलं. परत शिडी चढलो.

उलटी वाहणारी वायर

आता तो अपवाद. साउंडबारच्या मागे एक एचडीएमआय पोर्ट असतं आणि त्याखाली लिहिलेलं असतं 'आउट, टीव्ही एआरसी'. नवखा माणूस विचार करतो, आवाज साउंडबारमध्ये जायला हवा, म्हणजे 'इन'मध्ये लावू. आणि तिथेच फसतो. वायर त्या 'आउट'मध्येच लावायची.

का, ते नावातच आहे. एआरसी म्हणजे आवाज परत आणणारी वाट. मांडवी आणि झुआरी आपण रोज बघतो. ओहोटीला पाणी समुद्राकडे जातं, भरतीला त्याच पात्रातून खारं पाणी उलट वर चढतं. पात्र तेच. एचडीएमआयमध्ये मूळ प्रवाह साउंडबारकडून टीव्हीकडे, म्हणून तिथे 'आउट' लिहिलेलं. पण टीव्हीतल्या आवाजाला, म्हणजे टीव्हीत आलेली डिश, टीव्हीतलंच यूट्यूब, काडीवरचा सिनेमा, या सगळ्यांच्या आवाजाला, त्याच वायरीतून उलट साउंडबारकडे यायची सोय २००९ साली केली गेली. ही सोय टीव्हीच्या सगळ्या पोर्टांना नसते. बहुतेक टीव्हींना ती एकाच पोर्टाला असते. म्हणून ते पोर्ट शोधायचं, आणि त्यात साउंडबारशिवाय दुसरं काहीही लावायचं नाही.

क्रम असा ठेवा. टीव्ही, बॉक्स, साउंडबार तिन्ही भिंतीच्या बटणावरून बंद. बॉक्स, काडी, प्लेयर हे सगळे टीव्हीच्या बाकीच्या एचडीएमआय पोर्टांत. एक वायर टीव्हीच्या एआरसी पोर्टातून साउंडबारच्या 'आउट, टीव्ही एआरसी' पोर्टात. मग टीव्ही चालू करा, नंतर साउंडबार. साउंडबारच्या रिमोटवर स्रोत 'टीव्ही' किंवा 'एआरसी' निवडा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या खाली 'साउंड आउटपुट' नावाचं काहीतरी असतं, तिथे टीव्हीचे स्वतःचे स्पीकर सोडून एचडीएमआय एआरसी निवडा.

एवढं करूनही शांतता असेल तर सीईसी बंद असणार. एका उपकरणाने दुसऱ्याला हुकूम द्यायची ही सोय, आणि बऱ्याच टीव्हींवर ती चालू नसेल तर एआरसीही बोलत नाही. गंमत म्हणजे मेनूमध्ये 'सीईसी' असं कोणी लिहीत नाही. सॅमसंगमध्ये ते 'एनीनेट प्लस' असतं, एलजीमध्ये 'सिम्पलिंक', सोनीमध्ये 'ब्राव्हिया सिंक'. ते चालू केलं की फायदा असा की टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो आणि टीव्ही बंद केला की तोही झोपतो. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी ही एकच गोष्ट मोलाची आहे, दोन रिमोट सांभाळावे लागत नाहीत.

आवाज येतो पण मधेच तुटतो, किंवा काही वाहिन्यांवर येतो आणि काहींवर नाही? टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल आउटपुट' बघा. तिथे 'ऑटो', 'बिटस्ट्रीम', 'पीसीएम' असे पर्याय असतात. 'पीसीएम' म्हणजे टीव्ही स्वतः आवाज उलगडून साधा दोन बाजूंचा करून पाठवतो, तो कुठल्याही साउंडबारला कळतो. साउंडबार साधा असेल तर तेच ठेवा. डॉल्बीवाला असेल आणि मागे सबवूफर, बाजूला स्पीकर असतील, तर 'ऑटो'.

ई-एआरसी ही २०१७ सालची थोरली आवृत्ती. ब्लू-रे चकत्यांवरचा दर्जा जराही न घटवलेला आवाज त्यातून जातो, जो साध्या एआरसीत मावत नाही. त्यासाठी टीव्ही आणि साउंडबार दोघांनाही ई-एआरसी लागतं. ओटीटीवरचा, म्हणजे इंटरनेटवरच्या सिनेमा-मालिकांचा, अॅटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा) आवाज मात्र दाबलेल्या रूपात येतो आणि साध्या एआरसीतूनही जातो. म्हणून फक्त ओटीटी बघणाऱ्याने ई-एआरसी नाही म्हणून टीव्ही बदलायला जाऊ नये.

कोणी म्हणेल, एवढ्या भानगडीपेक्षा साउंडबार ब्लूटूथने जोडू. जोडा. गाणी ऐकायला ठीक आहे. पण नाटक लावलं की पात्राचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. मला ते दोन मिनिटंही सहन होत नाही.

वायरीनेही कधी कधी ओठ आणि शब्द जरा पुढे-मागे होतात. त्यासाठी टीव्हीत किंवा साउंडबारमध्ये 'ऑडिओ डिले' किंवा 'लिप सिंक' असतं. बातम्या लावून बघा आणि दहा-वीस मिलिसेकंदांनी हलवत राहा.

एआरसी नसेल तर: लाल दिव्याची वायर

टीव्ही जुना, किंवा ॲम्प्लिफायर जुना, आणि एचडीएमआयने आवाज निघतच नाही. मग मागे एक छोटं चौकोनी पोर्ट शोधा, 'ऑप्टिकल' लिहिलेलं. टीव्ही चालू असेल तर त्याच्या झडपेच्या फटीतून लाल उजेड झिरपताना दिसतो. ही तोशिबाने १९८३ मध्ये आपल्या सीडी प्लेयरसाठी काढलेली सोय, म्हणून तिला टॉसलिंक म्हणतात. प्लास्टिकच्या तंतूतून लाल प्रकाश लुकलुकतो आणि तोच आवाज.

नवी ऑप्टिकल वायर घेतली की दोन्ही टोकांना पारदर्शक टोपणं असतात. ती काढायची. हसू नका. "वायर बसतच नाही" म्हणून मला डिचोलीहून म्हापशाला नेलेलं आहे, आणि टोपणं तशीच होती. टोकाचे दोन कोपरे कापलेले असतात, ते पोर्टाच्या आकाराशी जुळवून हलकेच ढकला, 'टक्' आवाज आला की बसली. काटकोनात दुमडू नका, आतला तंतू तुटला की वायर संपली.

यातून जातो तो साधा स्टिरिओ किंवा दाबलेला ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांचा) आवाज. चित्र जात नाही, अॅटमॉस जात नाही, आणि रिमोटचा हुकूमही जात नाही, म्हणजे साउंडबारचा रिमोट वेगळा हाताशी हवा. पण एक गोष्ट या वायरीची मला फार आवडते. तिच्यातून वीज जातच नाही. जुन्या घरांत अर्थिंग धड नसतं, मग ॲम्प्लिफायरमधून 'हूं' असा सततचा गुणगुणाट येतो, आणि तो बऱ्याचदा तांब्याच्या वायरीतून एका उपकरणातून दुसऱ्यात शिरलेला असतो. ऑप्टिकल लावली की ती वाट बंद.

नारिंगी रंगाचं एकटं गोल पोर्ट दिसलं तर तेही डिजिटल आवाजाचंच, कोएक्शियल. काम ऑप्टिकलसारखंच, फक्त तांब्यातून.

पिवळं, लाल, पांढरं

पिवळं चित्राचं, लाल उजव्या कानाचं, पांढरं डाव्या कानाचं. नव्या टीव्हीवर ही तीन पोर्टं बऱ्याचदा नसतात. असलीच तर हेडफोनसारखं एक भोक असतं आणि खोक्यात त्याची छोटी शेपटी मिळते. ती शेपटी टाकून देऊ नका, नंतर सारखीच दिसणारी दुसरी घेतली तर आतल्या कड्यांचा क्रम वेगळा निघतो आणि चित्राच्या जागी गुरगुर येते.

आमच्याकडे ही वायर अजून लागते ती जुन्या कॅसेटींसाठी. गावच्या जत्रेतल्या नाटकांचं शूटिंग, कोणाचं लग्न, कोणाची मुंज. मडगावच्या चुलतभावाने व्हीसीआर नव्या टीव्हीला जोडायला एक छोटी डबी आणली, तीन वायरी लावल्या, काही नाही. डबीवर लिहिलं होतं 'एचडीएमआय टू एव्ही'. त्याला हवी होती 'एव्ही टू एचडीएमआय'. दोन्ही डब्या दिसायला सारख्याच, किंमतही जवळपास तीच, आणि दुकानदार न विचारता हाताला येईल ती देतो. चित्र कुठून कुठे जाणार, ते आधी बोलून दाखवा आणि डबीवरचे शब्द त्याच क्रमाने आहेत का ते बघा. डबीला यूएसबीची वीजही द्यावी लागते. कॅसेटचं चित्र मात्र मोठ्या पडद्यावर धूसरच दिसणार, डबी त्याला नवं करत नाही.

जुना स्टिरिओ आहे आणि टीव्हीला फक्त ऑप्टिकल आहे? ऑप्टिकलमधून लाल-पांढरं काढणारी डबी मिळते. ती लावलीत तर टीव्हीत 'पीसीएम' निवडायला विसरू नका, नाहीतर नुसता खरखराट किंवा शांतता.

लॅपटॉप आणि मोबाइल

लॅपटॉपला पूर्ण एचडीएमआय असेल तर प्रश्न नाही. निळं पंधरा पिनांचं व्हीजीए आणि पांढरं डीव्हीआय असेल तर चित्रापुरतं धरा, आवाजाची वेगळी सोय बघा. डिस्प्लेपोर्टाला एक कोपरा कापलेला असतो आणि बऱ्याच वायरींना खटका असतो, तो दाबून मगच ओढायची.

यूएसबी-सी फसवं आहे. भोक सगळीकडे तेच, पण प्रत्येकातून चित्र निघत नाही. शेजारी थंडरबोल्टचं विजेसारखं चिन्ह किंवा 'डी' आणि 'पी' गुंफलेलं चिन्ह असेल तर आशा आहे. स्वस्तातल्या बहुतेक मोबाइलांतून चित्र निघतच नाही, मग एचडीएमआयची शेपटी कितीही चांगली घ्या. घेण्याआधी आपल्या मॉडेलची माहिती वाचा.

लॅपटॉपवर यूट्यूब दिसतं पण ओटीटीचा सिनेमा लावला की पडदा काळा होतो, असं जुन्या प्रोजेक्टरवर हमखास होतं. वायर बिघडलेली नसते. एचडीसीपी नावाचं नक्कल रोखणारं कुलूप वाटेतल्या प्रत्येक उपकरणाला कळावं लागतं. ४के साठी बहुधा त्याची २.२ आवृत्ती लागते. वाटेत एखादी जुनी डबी असली की साखळी तिथे तुटते.

आणि ४के काडी लावूनही चित्र फिकट, एचडीआर (उजेड-सावल्या अधिक ठळक दाखवणारी सोय) लागत नाही? बऱ्याच टीव्हींवर प्रत्येक एचडीएमआय पोर्टाची पूर्ण ताकद सेटिंगमधून वेगळी चालू करावी लागते. 'एन्हान्स्ड' किंवा 'यूएचडी कलर' अशा नावाखाली शोधा.

चिऱ्याच्या दीड हात जाड भिंतीतून वाय-फाय धापा टाकत पोचतं. ४के साठी १५ ते २५ एमबीपीएस सलग मिळायला हवेत. मिळत नसतील तर राउटरपासून टीव्हीच्या 'लॅन' पोर्टापर्यंत एक वायर ओढा, बाकी उपाय करण्यात वेळ घालवू नका.

पाऊस, मीठ आणि माशा

हे माहितीपत्रकात कुठेच नसतं. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उरलेला वेळ खारी दमट हवा. डिशवरून येणारी काळी जाड वायर घरात शिरते तिथे ती आधी खाली झोळीसारखी सोडा आणि मग वर चढवून भोकातून आत घ्या. पाणी झोळीच्या तळाशी येऊन गळून जातं. सरळ आत घेतलीत तर तेच पाणी वायरीवरून चालत चालत बॉक्सपर्यंत येतं. पावसात चित्र अडखळायला लागलं की आधी त्या वायरीचं स्क्रूचं टोक उघडून बघा. आतलं तांबं हिरवट-काळं दिसलं तर तेवढा इंचभर तुकडा कापून नवं टोक लावायचं. टोक उघडण्याआधी बॉक्सचा प्लग काढा, कारण त्याच वायरीतून बॉक्स छत्रीवरच्या डोळ्याला १३ किंवा १८ व्होल्ट वीज पाठवत असतो.

मे अखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडायला लागलं की लोक टीव्हीचा प्लग काढतात आणि निश्चिंत होतात. माझा अनुभव वेगळा आहे. प्लग काढलेला होता, डिशची वायर तशीच. वीज जवळच कुठेतरी पडली. बॉक्स गेला, आणि बॉक्समधून एचडीएमआयवाटे टीव्हीचं एक पोर्ट गेलं. बाकी दोन पोर्टं आजही चालतात, ते एक मेलेलंच आहे. म्हणून प्लगबरोबर छत्रीची वायरही बॉक्समधून मोकळी करा, पण हे गडगडाट लांब असतानाच. डोक्यावर आल्यावर त्या वायरीला हात लावू नका. विजेचा अचानक आलेला जोर अडवणारा सर्ज प्रोटेक्टर लावा, पण तीन पिनांच्या सॉकेटला खरं अर्थिंग आहे का ते आधी वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर त्याचा उपयोग बराच कमी होतो.

मोकळी पोर्टं उघडी ठेवू नका. म्हापशाला एका घरी एचडीएमआय केबल अर्धीच आत जायची. टॉर्च मारला तर आत माती. कुंभारीण माशीने पोर्टात घर बांधलं होतं, दार लिंपून घेतलेलं. टीव्हीचा प्लग काढून लाकडी टाचणीने कण कण काढायला पाऊण तास लागला, कारण लोखंडी टाचणी आत घालायची माझी हिंमत नव्हती. रबरी टोपणांचं पाकीट बाजारात स्वस्तात मिळतं. पिनांवर मळ दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, तोही प्लग काढून आणि पूर्ण वाळू देऊन. खोबरेल किंवा पॉलिश पेपर नको.

तरीही चालत नसेल तर

रिमोटवर योग्य एचडीएमआय क्रमांक निवडलाय का ते बघा, बहुतेक वेळा तिथेच प्रश्न मिटतो. मग वायर दोन्ही टोकांनी काढून परत बसवा. मग तीच वायर दुसऱ्या पोर्टात. मग दुसरी वायर त्याच पोर्टात. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही. शेवटी सगळे प्लग काढून दोन मिनिटं थांबा. रिमोटने बंद करणं म्हणजे बंद नव्हे, उपकरणं तेव्हा अर्धवट जागीच असतात आणि एकमेकांशी फिसकटलेली बोलणी लक्षात ठेवतात.

चालायला लागलं की लगेच प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळून बॉलपेनने नाव लिहा: डिश, काडी, साउंडबार. मावशीकडे मी तसंच केलं. चवथीला गेलो तेव्हा एआरसीच्या वायरीवर माझ्या अक्षरांखाली तिच्या अक्षरात आणखी एक ओळ होती, "हिला कोणी हात लावू नये."